तुलना करायला आधी दोन तर हवेत

कपाट आवरताना वहीचा एक कागद सापडला. मधोमध रेघ, एका बाजूला काँग्रेसचे विश्वजीत कदम, दुसऱ्या बाजूला भाजपचे संग्रामसिंह देशमुख. २०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या वेळी, मी तो आखला होता. "निवडणूक हाय का पोरीला स्थळ बघतीयास?" असं सासूबाई म्हणाल्या होत्या.

बाहेरच्यांना याचं अप्रूप कळणार नाही. आमदार पतंगराव कदम, म्हणजे विश्वजीत यांचे वडील, गेल्यावर मे २०१८ मध्ये आमच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावात पोटनिवडणूक लागली. भाजपने अर्ज भरला, मग मागे घेतला. विश्वजीत बिनविरोध, मतदानच नाही. २०१९ ला जागा युतीत शिवसेनेकडे गेली आणि विश्वजीत कदमांच्या खालोखाल आला नोटा! २०,६३१ मतं. सेनेच्या उमेदवाराला त्याच्या निम्मीही नाहीत. नोटासाठी कुणी जोर लावला, यावर तेव्हा आरोपही झाले. लोक हसले. मला हसू आलं नाही.

माझं माहेर भिलवडीचं. त्या मतदानाच्या जेमतेम अडीच महिने आधी, ऑगस्टात, शेजारच्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली होती. नदीकाठच्या गावांत किती बोटी आहेत, कुठल्या अवस्थेत आहेत, माणसं आधी का हलवली नाहीत, हे त्या वर्षी प्रत्येक सभेत कुणीतरी ओरडून विचारायला हवं होतं. आमदाराला असले प्रश्न मतदार विचारत नाही, बिचकतो. समोरचा उमेदवार विचारतो. तो तगडा नसला की प्रश्नही पुरात वाहून जातात.

म्हणून २०२४ ला मला खरंच बरं वाटलं. एक राज्यमंत्री राहिलेला, दुसरा जिल्हा परिषदेचा अध्यक्ष राहिलेला. दोघांच्याही हातात सत्ता येऊन गेलेली, म्हणजे 'संधी द्या' म्हणायची सोय कुणालाच नाही. मी प्रतिज्ञापत्रं मोबाइलवर उघडली. घरात सगळे जमले आणि विचारलं काय, तर "इस्टेट किती?" गुन्ह्यांचा रकाना, थकबाकी, कुणाला पडलेलं नव्हतं. इस्टेटीचा आकडा वाचून दाखवला, दोघांचाही, आणि मंडळी पांगली.

मामंजींचा हिशेब वेगळा. धाकट्या चुलत्यांच्या सावडण्याला कोण आलं होतं, ते त्यांना तारीखवार पाठ. मी आधी चिडायचे. आता तेवढी चिडत नाही. रात्री दवाखान्यातून फोन केला तर उचलणारा माणूस कोण, हे सावडण्याच्या गर्दीतच कळतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नाही. पण सावडायला दोघंही येतात हो! तिथे बरोबरीच सुटते.

शेवटी विश्वजीत कदम सुमारे ३० हजारांनी आले. नोटाच्या सालापुढे ही लढत म्हणायची. मी मत कुणाला दिलं ते इथे लिहिणार नाही. कमेंटमध्ये विचारू नका, दोन्ही बाजूंचे पाहुणे आहेत लिस्टमध्ये.

त्या कागदावर मी तीन ओळी पाडल्या होत्या: पूर, ताकारी उपसा योजनेच्या पाण्याचं आवर्तन, उसाचं बिल. माहेर पाण्यात बुडतं आणि सासर पाण्याची वाट बघतं, मतदारसंघ एकच. प्रतिज्ञापत्रात दागिने, गाड्या, जमिनी गटनंबरासकट होत्या. माझ्या तिन्ही ओळी दोन्ही बाजूंना कोऱ्या राहिल्या. मामंजींनी चष्मा लावून कागद उलटापालटा केला आणि विचारलं, "ह्यात आपल्या पाटाचं पाणी कुठं लिवलंय?"