डार्क म्हणजे काय प्रसाद आहे का वाटायला?

ताऱ्यांच्या फोटोंतून सेन्सरचे ठिपके वजा करायला लेन्सला टोपण लावून जे काळे फोटो काढतात, त्या डार्क फ्रेम. कुणीतरी त्या डिसेंबरात काढायच्या, ते फोल्डर पेनड्राइव्हवरून लातूर-बीड-परभणी फिरवायचं आणि पोरांनी एप्रिलच्या फोटोंना तेच लावायचं. वर गळा काढायचा, ‘स्टॅक केलं (फोटो एकावर एक रचले) तरी लाल-निळे ठिपके जाईनात!’ जातील कसे? सेन्सर तापला की डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही सेन्सरमध्ये साचणारा खोटा सिग्नल, वाढतो, साधारण 6 अंशांना दुप्पट. 14 अंशांतली डार्क 26 अंशांतल्या फोटोला लावली तर चार हिश्शांतला एकच वजा होणार. उलट गरम डार्क थंड फोटोला लावली की काळी भोकं पडतात. कूलिंगवाल्या कॅमेऱ्याला तापमान ठरवून देता येतं, त्याच्या डार्क महिनोन्‌महिने चालतात. तोच सल्ला साध्या डीएसएलआरवाल्यांना कशाला द्यायलेत हे लोक?

तेवढेच सेकंद, तोच आयएसओ, लेन्सला टोपण, व्ह्यूफाइंडरवर काळं फडकं, 20 फ्रेम. झालं! 60 सेकंदांच्या असतील तर 20 मिनिटं. पहाटेपर्यंत पारा बराच उतरतो, म्हणून निम्म्या मधेच काढा, निम्म्या शेवटी. आणि कॅमेऱ्यातलं ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद करा की राव! प्रत्येक फोटोमागं तेवढाच वेळ ते स्वतःची डार्क काढत बसतं, अर्धी रात्र तिथंच जाते.

फ्लॅटचा, म्हणजे धुळीचे डाग आणि काळवंडलेले कोपरे घालवायला काढलेल्या एकसारख्या उजेडाच्या फोटोंचा, तर आनंदच. ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशी चालू, मळणीयंत्राचा भुसा हवेत, आणि हे बांधावर उभं राहून लेन्स बदलणार. मग देवयानी दीर्घिकेशेजारी राखाडी कडी उमटली की लेन्सची काच घासायची. अहो, ती धूळ सेन्सरवर आहे! फ्लॅट काढा, पण तिथंच, फोकस, अॅपर्चर, कॅमेऱ्याचा कोन, काहीही न हलवता. घरी येऊन, कॅमेरा उतरवून काढलेल्या फ्लॅटनं जुनी कडी जात नाहीत, नवी उमटतात. उजाडताना लेन्सवर पांढऱ्या धोतराची दुपदरी घडी ताणून बांधा, हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) डोंगर मध्यावर आणा, 20-25 फ्रेम घ्या. एलईडी बल्बसमोर 1/1000 ला काढाल तर पट्टे येतील, शटर हळूच ठेवा. टोपण लावून सगळ्यात वेगवान शटरला तेवढ्याच बायस (सेन्सरची मुळातली पातळी टिपणाऱ्या काळ्या फ्रेम), आयएसओ तोच. फ्लॅटमधून बायस वजा झाली नाही तर कोपरे नीट होत नाहीत.

एवढं करून सिरिल या फोटो रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं एकाच फोल्डरात कोंबतात आणि स्क्रिप्ट चालंना म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या! लाइट्स (lights, म्हणजे ताऱ्यांचे मूळ फोटो), डार्क्स (darks), फ्लॅट्स (flats), बायसेस (biases) अशी चार वेगळी फोल्डरं लागतात, नावं इंग्रजीत, लहान लिपीत, स्पेलिंग न चुकता. आत रॉ फाइलीच. जेपीईजी घालून कॅलिब्रेशन (ही सगळी दुरुस्ती) मागणाऱ्यांना हात जोडले.

आणि पाच फ्रेम रचून ‘नॉइज कमी झाला नाही’ म्हणू नका. नॉइज निम्मा करायला फ्रेम चौपट लागतात, आणि फ्रेममधून गेलेलं विमान सिग्मा क्लिपिंगनं (बाकी फ्रेमशी न जुळणारे ठिपके गाळून) पुसायचं तर किमान पंधरा-वीस तरी आणा.