आधी दिडकी पाठ करा, मग विमा घ्या

आरोग्य विमा घ्यायचा आहे? मग हप्ता किती, कोणते आजार बसतात, कोणतं हॉस्पिटल यादीत आहे असल्या किरकोळ गोष्टींत वेळ घालवू नका. थेट सॉल्व्हन्सी रेशो विचारा, म्हणजे कंपनीची देणी फेडण्याची ताकद सांगणारा आकडा. आमच्या गल्लीतल्या एजंट भाऊंनी मला तोच दाखवला होता. "काहून घाबरता जी, कंपनी एकदम ठणठणीत आहे, आकडा पाहा ना!" म्हणत मोबाइल पुढे केला. 1.87. मी मान डोलावली आणि तर्री पोह्यांचे पैसेही मीच दिले.

आकड्याचा अर्थ समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. सगळी देणी वजा जाता कंपनीकडे काही मालमत्ता उरली पाहिजे, असं 1938 च्या विमा कायद्याचं कलम 64व्हीए सांगतं. किती उरली पाहिजे? जनरल आणि आरोग्य विम्यात ढोबळमानाने हप्त्यांच्या 20 टक्के किंवा दाव्यांच्या 30 टक्के, जे जास्त असेल ते. आणि हैदराबादच्या इर्डाचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाचा दंडक असा की प्रत्यक्षात त्याच्या दीडपट हवी. म्हणजे रेशो किमान 1.5, आपल्या आजोबांची दिडकी, दीडचा पाढा. मराठीत याला शोधनक्षमता म्हणतात. मला वाटायचं, शोधन म्हणजे देणं फेडणं. आता कळलं, क्लेममध्ये खोट शोधण्याची क्षमता.

फॉर्म भरताना काही लपवू नका. 1998 सालची कावीळही लिहा. कंपनीही काही लपवत नाही, दर तिमाहीला सगळे तक्ते वेबसाइटवर टाकते. तुमच्याकडून एक ओळ राहिली तर क्लेम गेला, त्यांच्या पीडीएफमधलं तुम्हाला काही समजलं नाही तर तो तुमचा प्रश्न.

कंपनी बुडेल ही भीती मनातून काढा. तीन सरकारी जनरल विमा कंपन्यांचं भांडवल आटलं, तेव्हा जुलै 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 12,450 कोटींना मंजुरी दिली. तुमचं आटलं तर साळा आहेच.

युरोपात तर 2016 पासून, दोनशे वर्षांतून एकदा येईल अशा संकटातही टिकेल एवढं भांडवल ठेवावं लागतं. माझं संकट मंगळवारी नागपूरच्या धंतोलीत आलं.

तर डिस्चार्जच्या दिवशी काय करावं, हा सल्ला जरा सविस्तर. डबा न्या. पाण्याच्या दोन बाटल्या न्या. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टर सकाळी दहाला म्हणाले, घरी न्या. मे महिना, टीपीएच्या (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्यांच्या) काउंटरसमोर एक कूलर, तोही बंद. साडेदहाला फाइल गेली. मी घरूनच पाठांतर करून गेलो होतो. इर्डाचं 29 मे 2024 चं परिपत्रक: कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीचं उत्तर एका तासात, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे. दीड वाजता काउंटरवरच्या पोराला हे सगळं म्हणून दाखवलं. पोरगा बिचारा विशीतला. म्हणाला, "काका, पेंडिंग दिसून राहिलं. क्वेरी आली आहे. क्वेरी आली की घड्याळ पुन्हा झिरोपासून." क्वेरी काय होती? हर्निया किती दिवसांपासून आहे. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. उत्तर पुन्हा दिलं. साडेतीनला दुसरी क्वेरी, आधीच्या कागदावरचा शिक्का नीट दिसत नाही. शिक्का! सात वर्षं हप्ता कापला गेला तेव्हा एकदाही कोणाला माझा शिक्का अस्पष्ट दिसला नाही. तोवर बाबा शर्टाची बटणं लावून, पायात चपला घालून पलंगाच्या कडेवर बसलेले. मनगटावर सलाइनची पट्टी तशीच. दर अर्ध्या तासाने विचारायचे, "झालं का रे?"

सहा चाळीसला मंजुरी आली. बिल 1 लाख 68 हजार, मंजूर 1 लाख 20 हजार. का? तर पॉलिसी 5 लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला 5 हजार. आमची खोली 7 हजारांची, कारण त्या दिवशी तीच रिकामी होती. तुम्ही म्हणाल, वरचे दोन हजार रोजचे भरायचे, संपलं. नाही राजेहो! अख्ख्या बिलालाच पाच भागिले सातची कात्री. सर्जनची फी पाच सप्तमांश, गोळ्या पाच सप्तमांश, रक्ताची तपासणी पाच सप्तमांश. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कात्रीतून वगळायच्या असतात असा इर्डाचाच नियम आहे, हे मला घरी आल्यावर कळलं. कात्री चालवणाऱ्याला ते आधीच माहीत असणार.

म्हणजे कंपनीचा रेशो 1.87 आणि माझ्या क्लेमचा 0.71. दिडकी राहू द्या, पाऊणकीसुद्धा नाही. आता तुम्हीच...

जाऊ द्या, सल्ले बास झाले. अहो कंपनीवाल्यांनो, तुमच्याकडे पैसे आहेत हे आम्हाला माहीत आहे, तुम्हीच ते दोन दशांश स्थळांपर्यंत मोजून छापता. नसते तर एक वेळ समजून घेतलं असतं. असून देत नाही, याला नादारी म्हणत नाहीत, याला लबाडी म्हणतात. हैदराबादला आकडा पाठवायला तुमच्याकडे विम्याचं गणित मांडणारा अ‍ॅक्च्युअरी आहे, ऑडिटर आहे, आणि एका सत्तरीच्या माणसाची फाइल वाचायला कोणी नाही? आणि इर्डावाल्यांनो, तीन तासांचा नियम केलात, छान केलंत. क्वेरी टाकून घड्याळ मागे फिरवतात ते कोण बघणार? आमचे बाबा?

माझ्या 48 हजारांचा हिशेब ओळीओळीने लिहून द्या. गोळ्यांवर कात्री कोणत्या नियमाने चालवली, तेही लिहा, सहीनिशी. आणि तो जाब त्या काउंटरवरच्या पोराला द्यायला लावू नका. तुमच्यातला एखादा साहेब पाठवा धंतोलीत, मे महिन्यात, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा चाळीस, त्या बंद कूलरसमोर.