पाटे काढून फेकण्याआधी : जीपच्या मागच्या सस्पेन्शनवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

जुन्या जीपा उभ्या करणाऱ्या आपल्याकडच्या पोट्ट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. दारव्हा घ्या, आर्वी घ्या, मोर्शी घ्या, गॅरेजवर आलेला पोरगा मोबाईल पुढं करून तोच मजकूर दाखवतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) जुनाट झाले, अमेरिकेतल्या हॉट रॉडला (वेगासाठी बदललेल्या जुन्या गाडीला) आणि ड्रॅगच्या (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या) गाडीला ते नसतातच, म्हणून जीपचे पाटे काढून फोर-लिंक (एक्सलला धरणारे चार दांडे) आणि कॉइल (वेटोळ्याची स्प्रिंग) बसवा. सुटताना गाडी मागं जितकी बसेल तितकी पकड जास्त. एवढा खर्च झेपत नसेल तर दोन पाटे वाढवा आणि शॉकअप कडकात कडक लावा. ड्रॅगला लागलेली गाडी रस्त्यावरही भारीच चालते. आणि हे सगळं कुठलाही वेल्डिंगवाला दिवसभरात करून देतो.

यातलं बरंचसं अर्धवट खरं आहे, म्हणूनच ते पटतं. पण त्यावर विसंबून कोणी चेसिसला ग्राइंडर लावणार असेल, तर त्याआधी एकेक मुद्दा नीट पाहू.

सुरुवात अमेरिकेपासूनच करतो, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. हॉट रॉडवाल्यांची सगळ्यात लाडकी गाडी म्हणजे १९३२ ची फोर्ड. तिच्या मागच्या एक्सलवर आडवा पाटाच होता, आणि फोर्डनं १९४८ पर्यंतच्या आपल्या मोटारींत तो तसाच ठेवला. पुढं १९६० च्या दशकात क्रायसलरनं खास ड्रॅगसाठी सुपर स्टॉक नावाचे पाटे काढले. त्यांचा एक्सलच्या पुढचा भाग आखूड आणि कडक होता, मागचा लांब आणि नरम. शिवाय उजव्या आणि डाव्या बाजूचा संच वेगळा. म्हणजे ड्रॅगला पाटे नसतात, हे धादांत खोटं. उलट पाट्यांवर सुटणाऱ्या गाड्यांचे वेगळे वर्ग तिकडं आजही धावतात. आणि सगळ्यात वेगवान, म्हणजे टॉप फ्युएल ड्रॅगस्टर, तिच्यात मागं पाटेही नाहीत आणि कॉइलही नाही. एक्सल चेसिसला थेट घट्ट बसवलेला असतो. लवचीकपणाचं काम लांबलचक चेसिस आणि सुरकुत्या पडणारा मऊ टायर करतात. 'अमेरिकेत कॉइल लावतात म्हणून आपणही लावू' असं म्हणायचं, तर तिकडची सगळ्यात वेगवान गाडी आपल्याला काय लावायला सांगते?

मग पाट्यांची तक्रार खोटी आहे का? नाही. ती खरी आहे, फक्त मेसेजमध्ये रोगाचं नाव चुकलंय.

पाट्याकडे दोन कामं असतात. गाडीचं वजन तोलायचं आणि एक्सलला जागेवर धरायचं. कॉइलला दुसरं काम जमत नाही, म्हणून तिच्यासोबत लिंका द्याव्याच लागतात. आता पहिल्या गिअरात क्लच सोडला की चाक पुढं फिरतं, आणि त्याच जोरानं हौसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, उलट्या बाजूला फिरू पाहतं. पिनियनचं नाक, म्हणजे जॉइंट शाफ्ट जिथं हौसिंगला जोडतो ते टोक, वर उचलतं. त्याला अडवायला असतो मुख्यतः पाट्याचा पुढचा अर्धा भाग. तो वाकतो, पाट्याचा आकार इंग्रजी एस अक्षरासारखा होतो, टायरची पकड क्षणभर सुटते, पाटा झटक्यानं सरळ होतो, टायर पुन्हा पकडतो, पुन्हा वाकतो. सुटताना मागून धडधड आवाज येतो तो हाच. जॉइंट शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागं नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस तुटतात तेही यातच.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर रिकाम्या जागेत मागच्या चाकाच्या बाजूला, गाडीच्या वाटेपासून लांब, मोबाईल जमिनीवर ठेवा आणि स्लो-मोशनमध्ये पाट्याचा पुढचा भाग टिपा. नंतर गाडीखाली जाऊन यू-बोल्टपाशी, म्हणजे पाटा एक्सलला आवळणाऱ्या बोल्टपाशी, बॅटरी मारा. यू-बोल्टच्या कडेला पाट्यावर गंज निघून चकाकणारी घासलेली पट्टी दिसली, पाटे मधोमध बांधणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एका बाजूनं झिजलेलं दिसलं, तर हौसिंग पाट्यावर सरकतंय. तिथं फोर-लिंक घालायच्या आधी चार यू-बोल्ट नवे टाका. जुने पुन्हा आवळू नका, एकदा ताणलेला यू-बोल्ट पकड धरत नाही.

हौसिंगच्या या फिरण्यावरचा इलाज जुना आणि स्वस्त आहे : ट्रॅक्शन बार. यू-बोल्टच्या प्लेटला एक मजबूत दांडा बांधायचा, तो पाट्याखालून पुढं न्यायचा आणि टोकाला रबरी गट्टू द्यायचा. हौसिंग फिरायला लागलं की दांड्याचं टोक वर जातं आणि गट्टू पाट्याला टेकून ते फिरणं थांबवतो. गट्टू टेकला पाहिजे पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या (चेसिसला जोडणाऱ्या गोल टोकाच्या) बरोबर खाली, अधेमधे नाही. मधे टेकला तर तोच पाटा तोडतो. शेवरले कॅमेरोचं उदाहरण इथं लागू पडतं. १९६७ च्या मॉडेलला मागं एकेकच पाटा होता आणि दोन्ही शॉकअप एक्सलच्या पुढं. ती गाडी सुटताना बेदम उड्या मारायची. १९६८ ला कंपनीनं एक शॉकअप एक्सलच्या पुढं आणि दुसरा मागं नेला, ताकदीच्या मॉडेलांना जास्त पाटे दिले. पाटे काढले नाहीत, हौसिंगला आवर घातला.

आता 'मागं बसेल तितकी पकड' हा मुद्दा. शंकरपटातली बैलजोडी सुटताना मागच्या पायांवर बसते, ते पाहून गाडीचंही तसंच असेल असं वाटणं साहजिक आहे. पण मागच्या चाकांवर किती वजन जातं हे गाडीचा वेग किती झपाट्यानं वाढतो, तिचं वजन किती उंचीवर आहे आणि दोन एक्सलमधलं अंतर किती यावर ठरतं. स्प्रिंगचा त्या हिशेबात संबंधच नाही. समजा जीप १३०० किलोची, वजनाची उंची ६५ सेंटिमीटर, एक्सलमधलं अंतर २३० सेंटिमीटर. गुरुत्वाच्या निम्म्या प्रवेगानं ती सुटली तर सुमारे १८४ किलो वजन पुढून मागं जाईल. स्प्रिंग नरम असली तरी १८४ आणि कडक असली तरी १८४. बसणं म्हणजे फक्त स्प्रिंग दबणं.

फरक पडतो तो हे वजन टायरवर किती लवकर आणि कसं पोचतं याचा. वरच्या आणि खालच्या लिंकांच्या रेषा पुढं वाढवल्या की त्या एका ठिकाणी मिळतात. तो बिंदू कुठं आहे यावर गाडी सुटताना मागं बसेल, तशीच राहील की मागून वर उचलेल हे ठरतं. ड्रॅगच्या अनेक चांगल्या गाड्या सुटताना मागून किंचित वर येतात, कारण लिंका बॉडीला वर ढकलतात आणि त्याच वेळी टायरला जमिनीत दाबतात. म्हणजे मेसेजमधली खूण बऱ्याचदा नेमकी उलटी निघते. फोर-लिंकचा खरा फायदाही हाच आहे, की तो बिंदू ब्रॅकेटवरची लिंकांची भोकं बदलून हलवता येतो. पण त्यासाठी ट्रॅक पाहिजे, दर वेळी सारखा पृष्ठभाग पाहिजे आणि पहिल्या ६० फुटांची वेळ मोजायची सोय पाहिजे. ते नसेल तर ती भोकं नुसतीच भोकं.

दोन पाटे वाढवायचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो सगळ्यात स्वस्त आहे आणि पोरं तोच आधी करतात. जितके पाटे वाढवाल तितका कडकपणा वाढतो. कापसाच्या गाठोड्यांनी भरलेल्या पिकअपला तो लागतो, रिकाम्या जीपला नाही. आपले रस्ते काळ्या मातीवर. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. अशा रस्त्यावर जादा पाट्यांची रिकामी जीप मागून उडते, आणि उडालेला टायर ना पकड देतो ना ब्रेक. वाढवायचाच असेल तर पूर्ण लांबीचा पाटा नको. फक्त पुढच्या भागाखाली आखूड पाटा द्या, आणि पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपा पुढं घट्ट, मागं सैल ठेवा. क्रायसलरच्या पाट्यांमागचा विचार असाच होता.

पाटा गरम करून वाकवणं, त्याला वेल्ड मारणं, हे कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. त्या पोलादाचं पाणी एकदा गेलं की तो नुसती पट्टी उरतो, आणि वेल्डच्या कडेनं तडकतो.

शॉकअपबद्दल थोडक्यात. कडक शॉकअपनं हौसिंगचं फिरणं थांबत नाही, लाटांच्या रस्त्यावर टायर मात्र जमीन सोडतो. ड्रॅगवाले पुढं असा शॉकअप लावतात जो सहज उघडतो आणि हळू बंद होतो, म्हणजे नाक पटकन वर येऊन तिथंच थांबतं. रस्त्यावर ब्रेक मारताना तो गाडी सावरत नाही.

यावरूनच 'ड्रॅगची गाडी रस्त्यावरही भारी' या मुद्द्यावर येतो. तिकडं लॅडर बार नावाचा प्रकार आहे. दोन त्रिकोणी दांडे हौसिंगला पक्के बसवलेले आणि पुढं प्रत्येकी एकच सांधा. सरळ सुटायला उत्तम, आणि फोर-लिंकपेक्षा सोपा. पण पांदणीत एक चाक वर, एक खाली गेलं की दोन्ही बार हौसिंगला पिळतात. रोज असं झालं की ब्रॅकेट तडकणारच. तसंच चारही चाकं स्वतंत्र असलेल्या गाड्यांचं. त्या ड्रॅगला चालतच नाहीत असंही तिकडं मानत असत, कारण चाकांपर्यंत ताकद नेणारे हाफ शाफ्ट तुटायचे. पण २०१८ च्या डॉज डेमननं स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनवर ४०२ मीटर ९.६५ सेकंदांत कापले. प्रकार कुठला यापेक्षा तो त्या कामासाठी किती विचार करून बांधला, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे पाट्यांना हसायचं कारण नाही. अँबॅसेडर, पद्मिनी, जिप्सी, बोलेरो, सगळ्यांच्या मागं पाटेच. २०१० च्या थारलाही मागं पाटे होते, कॉइल आणि लिंका २०२० च्या मॉडेलला आल्या, त्याही कारखान्यात चाचण्या घेऊन.

राहिला दिवसभरात वेल्डिंग. इंजिन १२० न्यूटन-मीटरचं धरा, पहिला गिअर आणि क्राउन-पिनियन मिळून वीसपट. एक्सलवर २४०० न्यूटन-मीटर झाले. वरच्या आणि खालच्या लिंकांत वीस सेंटिमीटर अंतर असेल तर वरच्या दोन लिंकांवर मिळून टनाच्या आसपास ओढ येते, तीही झटक्यानं आणि दर सुटण्याला. ही ओढ ज्या ब्रॅकेटवर येते तो जुन्या, आतून गंजलेल्या चेसिसला एका बाजूनं टाका मारून चिकटवलेला असतो. पाटा तुटला तर बहुतेक वेळा बाकीचे पाटे एक्सलला धरून ठेवतात. लिंकचा ब्रॅकेट तुटला तर एक्सल आडवा होतो, आणि जीपमध्ये मागं माणसं बसलेली असतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायला कलम १८९ आडवं येतं, मग तो समृद्धी असो की गावचा फाटा.

ज्यांना बंद जागेत, परवानगीनं गाडी पळवायची आहे त्यांनी या क्रमानं जावं. नवे यू-बोल्ट आणि बुश. मग चांगले टायर आणि त्यांची हवा. मग ट्रॅक्शन बार. मग पिनियनचं नाक पाच ते सात अंश खाली, पाचर घालून, मोबाईलच्या लेव्हलवर मोजून. रोजच्या रस्त्यावर त्याहून कमी. उजवं चाक आधी फिरत असेल तर नवल नाही, जॉइंट शाफ्टच्या पिळानं त्या बाजूचं वजन हलकं होतं. त्यावर उजवीकडचा बार आधी टेकेल असा लावला की बरंच जुळतं. एवढं करून गाडी सुटताना व्हिडिओत पाटा सरळ दिसायला लागला, की फोर-लिंकचे पैसे खिशातच राहू द्या.