बोटांच्या ठशांत पोराचा स्वभाव नसतो: त्या 'डीएमआयटी' मेसेजला उत्तर

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या ग्रुपांवर 'डीएमआयटी'चा, म्हणजे बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि स्वभाव सांगणाऱ्या चाचणीचा, एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: "दहा बोटांचे ठसे म्हणजे मेंदूचा नकाशा. ठसे गर्भातच मेंदूबरोबर तयार होतात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत, म्हणून मुलाचा मूळ स्वभावही बदलत नाही. डावा मेंदू की उजवा, अंतर्मुख की बहिर्मुख, सायन्स की आर्ट्स, सगळं एका स्कॅनमध्ये. हार्वर्डच्या डॉ. गार्डनर यांच्या सिद्धांतावर आधारित. आपल्या ऋषीमुनींना हे आधीच ठाऊक होतं. 95 टक्के अचूक." खाली तारीख, हॉलचा पत्ता आणि लवकर नाव देणाऱ्यांना सवलत.

आमच्या वहिनींनी सातवीतल्या मुलाचं नाव दिलंसुद्धा आणि मग विचारलं, "भावोजी, शास्त्रीय आहे ना हे?"

नाही, वहिनी. देशातल्या मनोविकारतज्ज्ञांची संघटना, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी, हिने 2019 साली याच चाचणीबद्दल अधिकृत भूमिका जाहीर केली: डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही. खरं तर विषय इथेच मिटायला हवा होता. पण मेसेज पाठवणारे दादा म्हणतात, मुद्द्याला मुद्द्याने उत्तर द्या. घ्या तर मग.

"ठसे मेंदूबरोबर तयार होतात"

यात अर्धं खरं आहे, ते आधी देऊन टाकतो. कातडीचा वरचा थर आणि मज्जासंस्था हे दोन्ही गर्भाच्या एकाच बाह्यस्तरातून येतात. बोटांवरचे उंचवटे साधारण तिसऱ्या महिन्यात उमटू लागतात आणि पाचव्या महिन्याच्या आसपास नक्षी पक्की होते. त्या काळात मेंदूही वाढत असतो. बरोबर. पण त्याच काळात मूत्रपिंड वाढतं, नखं येतात, दातांचे अंकुर धरतात. दातांचं इनॅमलसुद्धा त्याच बाह्यस्तरातून येतं. म्हणून दात बघून करिअर सांगायचं का?

नक्षी कशी ठरते हे आता बरंच कळलेलं आहे. गर्भाच्या बोटांच्या टोकांवर छोट्या गाद्या असतात. उंच उठलेली गादी असेल तर ठशात चक्र होण्याकडे कल, बसकी असेल तर कमान, मधली असेल तर लूप, म्हणजे वळसा. ठशांच्या नक्षीमागची जनुकं शोधणारा मोठा अभ्यास 2022 साली आला, त्यात हाती लागली ती हातापायांची घडण ठरवणारी जनुकं. स्वभावाचा तिथे काही संबंध निघाला नाही.

आणखी एक कबुली. डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या काही अवस्थांमध्ये तळहाताच्या रेषा आणि ठशांचं प्रमाण वेगळं दिसतं. हेरॉल्ड कमिन्सने 1930च्या दशकात ते नोंदवलं. पण ते शेकडो मुलांचे गट समोर ठेवले तर दिसतं, आणि त्याचं निदान गुणसूत्रं तपासून होतं. तिथून "तुमची मुलगी मार्केटिंगमध्ये चमकेल" इथवर उडी मारायला फार मोठी छाती लागते.

"ठसे म्हणजे मेंदूचा नकाशा"

फ्रान्सिस गॉल्टन. ठशांच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांतला एक. बुद्धी आणि स्वभाव रक्तातून येतो या मताचा कट्टर पुरस्कर्ता, म्हणजे ठशांत स्वभाव सापडावा अशी ज्याची स्वतःची फार इच्छा होती असा माणूस. त्याने विद्यार्थी, शेतमजूर आणि मतिमंदांच्या आश्रमातले रहिवासी यांचे ठसे शेजारी ठेवून पाहिले. 1892च्या पुस्तकात त्याने सरळ लिहून टाकलं की फरक काही सापडत नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला.

जुळ्यांचं उदाहरण नीट द्यायला हवं, कारण विरोधकही ते चुकीचं देतात. "एकसारख्या जुळ्यांचे ठसे वेगळे, स्वभाव सारखा" हे उत्तर लंगडं आहे. ओळख पटवण्यापुरते ते वेगळे असतात, पण हे रिपोर्टवाले जी मोजतात ती रेघांची संख्या एकसारख्या जुळ्यांत जवळजवळ सारखीच असते. संशोधक सारा होल्टच्या मापनात सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण जुळणी, 0 म्हणजे काहीच नाही) 0.95 आला होता. स्वभावाच्या चाचण्यांत मात्र त्याच प्रकारच्या जुळ्यांचा सहसंबंध 0.5च्या आसपास घुटमळतो. ठशांत स्वभाव छापलेला असता तर हे दोन आकडे इतके लांब राहिले नसते.

ज्यांना ठसेच नाहीत त्यांचं काय? जन्मतः बोटांवर उंचवटेच नसलेली कुटुंबं जगात आहेत. एका स्विस कुटुंबावरून 2011 साली त्यामागचं जनुकही सापडलं. त्यांची अडचण होते ती विमानतळावर. बाकी बुद्धी, स्वभाव सगळं जागच्या जागी. इतकं लांब कशाला, काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघा. टरफलातल्या तेलाने कातडी सोलवटते, रेघा झिजतात, रेशन दुकानात अंगठा लागत नाही. म्हणून त्या बाईंचा स्वभाव पुसला गेला, असं त्यांच्या समोर उभं राहून म्हणून दाखवा.

मोजतात तरी काय?

स्कॅनरवर प्रत्येक बोट सरळ, डावीकडे आणि उजवीकडे असं टेकवतात. मग लूप किंवा चक्राच्या मध्यापासून, जिथे तीन बाजूंच्या रेघा भेटतात त्या बिंदूपर्यंत रेषा ओढून मध्ये किती उंचवटे कापले जातात ते मोजतात. इथवर ही रीत खरी आहे, मानववंशशास्त्रात वापरतात. गडबड पुढे आहे. त्या आकड्याला "तर्कबुद्धी 11 टक्के, संगीत 8 टक्के" असं नाव कुणी, कोणत्या मुलांवर पडताळून दिलं, हे रिपोर्टमध्ये कुठेही नसतं. कमानीच्या ठशात मोजायला असा बिंदूच नसतो, म्हणून तिची रेघसंख्या व्याख्येनेच 0. मग त्या बोटाची बुद्धी शून्य? तसं छापलं तर पैसे कोण देईल.

तळहातावरचा 'एटीडी कोन' हा दुसरा चमत्कार. तर्जनी आणि करंगळीखालचे दोन बिंदू मनगटाजवळच्या तिसऱ्या बिंदूशी जोडून हा कोन काढतात आणि त्यावरून मूल किती लवकर शिकतं ते सांगतात. बोटं जरा जास्त फाकवली की कोन बदलतो. वय वाढून तळवा लांबला की कोन कमी होतो. म्हणजे पोरगा हात कसा ठेवतो त्यावर त्याची शिकण्याची गती.

"ठसे बदलत नाहीत, म्हणून मूळ स्वभाव बदलत नाही"

सगळ्यात वाईट मुद्दा हा. बाकीचे पैशांचं नुकसान करतात, हा पोराचं करतो.

स्वभाव किती टिकतो हे मोजलेलं आहे. रॉबर्ट्स आणि डेलव्हेकियो यांनी 2000 साली 152 दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले. काही वर्षांच्या अंतराने त्याच माणसांची तीच चाचणी घेतली तर सहसंबंध लहानपणी 0.31, कॉलेजच्या वयात 0.54, तिशीत 0.64 आणि पन्नाशीनंतर 0.74. म्हणजे स्वभाव सर्वांत जास्त हलतो तो लहान वयात. आणि हे दुकान नेमकं त्याच वयाच्या मुलांसाठी उघडलेलं आहे. 2006च्या आणखी एका संकलनात, 92 अभ्यासांत, दिसलं की वीस ते चाळीस या वयात माणसं सरासरीने जास्त जबाबदार आणि भावनिकदृष्ट्या जास्त स्थिर होतात. पहिली नोकरी, संसार, मुलं, आजारी आईबाप यांतून जाताना हे घडतं.

शिवाय स्वभाव परिस्थिती बघून वागतो. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलने 1968 साली हा वाद उभा केला, आणि पुढे सहकारी युइची शोदाबरोबर त्याचं नेमकं रूप मांडलं: प्रत्येक माणसाची 'असं झालं की मी असा वागतो' अशी स्वतःची ठेवण असते. वर्गात नाव पुकारलं तरी मान वर न करणारा पोरगा शिमग्यात पालखी खांद्यावर आली की सगळ्या वाडीच्या पुढे नाचतो. ढोल थांबला, पाहुण्यांनी "काय रे, कितवीत?" विचारलं, की पुन्हा गप्प. त्याला अंतर्मुख म्हणायचं की बहिर्मुख? मानसशास्त्रज्ञ विचारेल: कुठे, कुणासमोर, कशाची भीती. स्कॅनर काही विचारत नाही. तो 'अंतर्मुख, 72 टक्के' छापतो आणि आई पुढची पाच वर्षं पाहुण्यांना सांगते, "तो आहेच तसा, रिपोर्टमध्ये आलंय."

याहून गंभीर: अक्षरं उलटी लिहिणारं, वाचताना ओळ चुकणारं मूल. रिपोर्ट म्हणतो, 'हालचालीतून शिकणारा आहे, पुस्तकी अभ्यास त्याचा पिंड नाही.' घरचे निश्चिंत. प्रत्यक्षात ती वाचनाची अध्ययन अक्षमता असू शकते. तिचं प्रमाणपत्र वेळेत मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात, आणि त्याआधी वाचनाचं वेगळं शिक्षण देता येतं. तिसरी-चौथीत हे करायचं ते नववीपर्यंत राहून जातं.

डावा मेंदू, उजवा मेंदू

युटा विद्यापीठाने 2013 साली 1011 जणांच्या मेंदूंची चित्रं तपासली. काही कामं एका बाजूला जास्त होतात, भाषा बहुतेकांत डावीकडे. पण 'डाव्या मेंदूचा माणूस' असा कुणी सापडला नाही. पुढे चला.

"गार्डनर यांचा सिद्धांत"

हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 साली बहुविध बुद्धिमत्ता, म्हणजे बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते हा विचार, मांडला, त्यात बोटांच्या ठशांचा काडीचाही संबंध नाही. मुळात तो सिद्धांतच बुद्धिमापन करणाऱ्या अनेकांना मान्य नाही. एका वादग्रस्त गोष्टीचं नाव दुसऱ्या निराधार गोष्टीला चिकटवलं, इतकंच.

"ऋषीमुनींना ठाऊक होतं"

सामुद्रिक लक्षणांची, म्हणजे अंगावरच्या खुणांवरून माणूस ओळखण्याची, परंपरा आपल्याकडे आहे, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत स्त्री-पुरुषांच्या लक्षणांचे अध्याय आहेत, नाकारत नाही. पण स्वभाव जन्मापासून गोठलेला आहे हे त्यांच्या तोंडी घालू नका. गीतेच्या चौदाव्या अध्यायात दहावा श्लोक बघा: कधी सत्त्व रज-तमांना दाबून वर येतं, कधी रज, कधी तम. एकाच माणसात. बृहदारण्यक उपनिषद तर उघड म्हणतं, "यथाकारी यथाचारी तथा भवति", जसं करशील, जसं वागशील, तसा होशील. आणि वेदान्ती माणूस गुण आत्म्याचे मानतच नाही, ते प्रकृतीकडे टाकतो. तुमचा स्कॅनर यांच्यापैकी नक्की कुणाच्या बाजूचा?

"95 टक्के अचूक. आमच्या मुलाचं तंतोतंत जुळलं!"

जुळणारच. 1948 साली बर्ट्राम फोररने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं खास' म्हणून एकच वर्णन दिलं, भविष्याच्या पुस्तकातून उचललेलं. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. "तू वरून शिस्तीचा दिसतोस, पण आतून काळजी करतोस" हे कुणाला लागू पडत नाही?

मेसेजवाल्या दादांना हे पटत नसेल तर ताडून बघू. ज्यांनी पैसे भरलेत अशा एकाच वर्गातल्या, एकाच लिंगाच्या पाच मुलांचे रिपोर्ट घ्या. नाव, फोटो, वय, पालकांची माहिती झाका, फक्त स्वभावाची पानं ठेवा. ज्याचं मूल त्यात नाही अशा माणसाने त्यांना क्रमांक द्यावेत. प्रत्येक आईने पाचही वाचून आपल्या मुलाचा उचलायचा. असे चार गट करा, म्हणजे वीस मुलं. नुसत्या नशिबाने सरासरी चार बरोबर येतील, 95 टक्क्यांचा दावा खरा असेल तर एकोणीस यायला हवेत.

"त्याच मुलाचा दुसऱ्यांदा काढला तरी तोच रिपोर्ट येतो" हा पुरावा मात्र घेऊन येऊ नका. कोणालाही वीस किलो दाखवणारा काटा रोज वीसच दाखवतो. दुसऱ्यांदा काढायचाच तर वय बदलून सांगा आणि कोणती पानं बदलली ते बघा.

वहिनी, मुलाबद्दल खरंच शंका असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग वर्गशिक्षकांशी बोला, मग जिल्हा रुग्णालयात दाखवा. मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी आहे का, ते विचारा. बुद्धीच्या चाचणीसाठी बिने-कामत आहे, व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कानडी मुलांवर पडताळून बसवलेली. तिला तासभर लागतो, मुलाशी बोलावं लागतं, त्याला कोडी घालावी लागतात. आणि हॉलवाल्यांकडे भरलेली रक्कम अजून परत मिळते का, ते आजच फोन करून बघा.