ऑक्सिबेन्झोन नको तर नको, पण सनस्क्रीन सोडू नका

“सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन रक्तात जातं, हार्मोन बिघडवतं, कॅन्सर करतं. अमेरिकेत बंदी आहे. खोबरेल तेल लावा!” उन्हाळा आला की हा मेसेज फिरू लागतो. ऑक्सिबेन्झोन म्हणजे सनस्क्रीनमधलं, उन्हातले अतिनील किरण शोषणारं एक रसायन. त्यात खऱ्याला खोटं इतकं बेमालूम चिकटवलंय की एकेक दावा सुटा करूनच बघावा लागतो.

रक्तात जातं, हे खरं. अमेरिकेतल्या औषध-नियामक संस्थेच्या, म्हणजे एफडीएच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये ते दाखवलं. स्वयंसेवकांच्या ७५ टक्के अंगावर दिवसातून चारदा, चार दिवस सनस्क्रीन लावलं, तेव्हा रक्तातलं प्रमाण मिलिलिटरमागे ०.५ नॅनोग्रॅमच्या कितीतरी वर गेलं. पण एफडीएची ही ०.५ ची रेषा विषबाधेची नव्हे. प्रमाण तिच्या खाली राहिलं तर काही सुरक्षा-चाचण्यांतून सूट मिळू शकते. वर गेलं तर त्या कराव्या लागतात. सनस्क्रीन वापरणं थांबवा असं एफडीएने तेव्हाही सांगितलं नाही. मेसेजात नेमकं हेच गाळलंय.

हार्मोनच्या भीतीमागे २००१ चा उंदरांवरचा प्रयोग आहे. त्यांना हे रसायन खाऊ घातलं होतं, रोज, किलो वजनामागे दीड हजार मिलिग्रॅमच्या आसपास. त्वचेवर लावलेल्या क्रीमशी त्याची थेट तुलना होत नाही. तरीही शंका पूर्ण फिटलेली नाही; म्हणून युरोपीय संघाने २०२२ मध्ये अंगभर लावायच्या सनस्क्रीनला २.२ टक्क्यांची मर्यादा घातली, चेहऱ्याच्या क्रीमला ६ टक्के ठेवली. ही सावधगिरी मला पटते. माणसांत कॅन्सर होतो, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

बंदी अमेरिकाभर नाही. हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून विक्री थांबवली, तीही समुद्रातल्या प्रवाळांना जपण्यासाठी.

खरा तोटा मेसेजात आलाच नाही: ॲलर्जी. काहींना हे लावून उन्हात गेल्यावर पुरळ उठतं, खाज सुटते. अमेरिकेतल्या त्वचा-ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये बेन्झोफेनोन गटाला (ऑक्सिबेन्झोन त्यातलंच) ‘वर्षाचा ॲलर्जन’, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, ठरवलं होतं. फायदाही सांगायला हवा. अतिनील किरणांच्या दोन प्रकारांपैकी यूव्हीबी आणि काही यूव्हीए किरण ते चांगले शोषतं, त्वचेवर पांढरा थरही दिसत नाही.

खोबरेल तेल त्याची जागा घेऊ शकत नाही. उन्हापासून ते पुरेसं वाचवत नाही. ऑक्सिबेन्झोन टाळायचंच असेल तर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या. सावळ्या चेहऱ्यावर ते पांढरट दिसतं, म्हणून रंगछटा असलेलं बघा. त्यातलं आयर्न ऑक्साइड वांग असलेल्यांना जास्त उपयोगी पडतं. आणि घेताना डबीमागे ‘बेन्झोफेनोन-३’ हेही नाव शोधा, ते ऑक्सिबेन्झोनच.