‘नवरा सोडेल तरच सुटका’ हे साफ खोटे आहे

मुस्लिम तलाकविषयीचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यातली विधाने थोडक्यात अशी : २०१९ च्या कायद्याने तलाकच बंद झाला, मुसलमान स्त्रीला स्वतःहून विवाह मोडता येत नाही, नवरा सोडेल तरच तिची सुटका, आणि त्यानंतर पोटगी मिळते ती इद्दतीपुरतीच, म्हणजे तलाकनंतरच्या प्रतीक्षाकाळापुरतीच. असले संदेश मी एरवी न वाचताच पुसून टाकतो. परंतु इंदूरच्या रामबागेत डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या माझ्या आत्याने तो तिच्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईंना मोठ्या आस्थेने वाचून दाखवला आणि ‘वकिलाच्या नादी लागून पैसे घालवू नकोस’ असा सल्लाही दिला, हे कळल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते. त्या बाईंचा नवरा गेली तीन वर्षे घरात एक पैसाही देत नाही.

पहिले विधान फार वेळ देण्याच्या लायकीचे नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने रद्द केला तो एका दमात दिला जाणारा तलाक-ए-बिद्दत, आणि २०१९ च्या कायद्याने ३ वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा ठरवला तोही तोच. एकदाच उच्चारून इद्दतीत मागे घेता येणारा तलाक-ए-अहसन आणि महिन्या-महिन्याच्या अंतराने तीनदा उच्चारला जाणारा तलाक-ए-हसन त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. शिवाय तलाक जर बंदच झाला असेल, तर पुढच्याच ओळीत नवरा बायकोला सोडणार कसा, हे लिहिणाऱ्याला सुचलेले दिसत नाही.

खरा संताप येतो तो दुसऱ्या विधानाचा. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा १९३९ चा आहे, म्हणजे आपल्या हिंदू विवाह कायद्याहून १६ वर्षांनी जुना. हनफी या इस्लामी न्यायपरंपरेच्या मतानुसार स्त्रीला सुटकेचा मार्ग जवळपास नव्हता, म्हणून काही जणी विवाह मोडण्यासाठी धर्मच सोडू लागल्या; तेव्हा उलेमांनीच, म्हणजे धर्मपंडितांनीच, मालिकी या दुसऱ्या परंपरेच्या मताचा आधार घेतला आणि काझमी या मुस्लिम सदस्याने मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडले. नवरा ४ वर्षे बेपत्ता असणे, २ वर्षे निर्वाहाची तरतूद न करणे, ७ किंवा अधिक वर्षांची शिक्षा, ३ वर्षे सबळ कारणाविना वैवाहिक कर्तव्ये न पाळणे, क्रूर वागणूक, अशी कारणे कलम २ मध्ये मोजून दिली आहेत. त्यांपैकी एक सिद्ध झाले की न्यायालय विवाह मोडते आणि नवऱ्याची संमती कोणी विचारत नाही. आत्याकडच्या बाईंना निर्वाहाचे एकच कारण पुरेसे आहे; आणि स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळत असल्यामुळे पैसे घालवण्याची भीतीही निराधार आहे.

एवढे मात्र नाइलाजाने मान्य करतो, की खुला, म्हणजे बायकोने स्वतः मागितलेला विच्छेद, घेताना व्यवहारात नवऱ्याची संमती मागितली जाते आणि बायकोला बहुधा मेहरवर, म्हणजे विवाहात नवऱ्याने देऊ केलेल्या रकमेवर, पाणी सोडावे लागते. संदेशातले अर्धसत्य तेथूनच आले असावे. १९३९ च्या कायद्याने विवाह मोडल्यास मात्र मेहरचा हक्क बुडत नाही.

पोटगीचे विधान इंदुरात बसून पुढे पाठवणे ही तर कमालच झाली. शाहबानो बेगम यांनी १९७८ मध्ये अर्ज केला तो याच शहरातल्या न्यायालयात, आणि तो प्रलंबित असतानाच त्यांच्या वकील पतीने तलाक दिला. दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. १९८६ च्या कायद्याने तो फिरवण्याचा प्रयत्न झाला हे खरे; परंतु इद्दतीच्या मुदतीत पुढील आयुष्याची वाजवी तरतूद करून द्यावी लागते, असा त्याचा अर्थ २००१ मध्ये दानियल लतिफी खटल्यात लावला गेला, आणि १० जुलै २०२४ रोजी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालीही पोटगी मागता येते असे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आले आहे, आणि त्याखाली अर्ज करण्यासाठी तलाक होण्याची वाट पाहावी लागत नाही.