कूलर चालू असताना पाहायच्या मालिका

आमच्या घरी नवी मालिका पाहायची ती दिवाळी ते होळी. होळी झाली की कूलरवरचं प्लास्टिक निघतं, नवी खस लागते आणि मग थेट पावसाळ्यापर्यंत टीव्हीतली माणसं नुसते ओठ हलवतात.

खिडकीतला तो लोखंडी डबा फुल केला की बैठकीतून मालगाडी गेल्यासारखं वाटतं. बंद करावा म्हणाल, तर २०१३च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ला टेकला होता. नवतप्यात कूलर बंद करून खुनाची मालिका ऐकणारा माणूस स्वतःच पहिल्या भागातलं प्रेत होईल.

म्हणून मी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ पाहतो. २००१ला सुरू झाली, २००५ला संपली. आमच्याकडे अजून संपायची आहे. दिलीप प्रभावळकरांच्या आबांनी तोंड उघडायच्या आत वाक्य माझ्या डोक्यात वाजतं. शिऱ्या आणि शलाका भांडणार, श्यामला कावणार, सगळं ठरलेलं. शिवाय रसाच्या जेवणावर मधेच डोळा लागला तरी चिंता नाही. मी झोपलो असताना टिपऱ्यांच्या घरात नवीन काही घडत नाही.

‘अहो, तेच ते काय पाहून राहिले?’ असं बायको म्हणते आणि शेजारी येऊन बसते. तिचं दैवत ‘सीआयडी’. दया दार तोडणार हे तिला पक्कं ठाऊक, तरी तुटलं की ‘तोडलं बाई एकदाचं!’ म्हणून सुटकेचा श्वास टाकते. खुनी कोण, हे ती आल्यागेल्याला सुरुवातीलाच सांगते. त्यात काय लपवायचं?

आणि हे काय आमचंच आहे का? २०२०च्या मार्चअखेर, आमचे कूलर निघायच्याच सुमारास, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा लावलं, तर सगळा देश टीव्हीसमोर बसला. रावणाचं पुढे काय होतं ही कुणाला उत्सुकता होती?

पुण्याच्या भाच्याला हे पटत नाही. ‘मामा, हे बघाच,’ म्हणत त्याने या मे महिन्यात कुठल्याशा बर्फाळ देशातली मालिका लावली. खाली इंग्रजी अक्षरं धावत होती. चष्मा शोधून मी ‘इन्स्पेक्टरची पहिली बायको’पर्यंत पोचलो, तोवर ती मेली होती. बायकोने विचारायचं, ‘हा कोण?’ भाच्याने कूलरच्या वर ओरडून सांगायचं. तोवर पडद्यावरचे दोघं बोलून मोकळे. बर्फ बघून मात्र बरं वाटलं.

शेवटच्या भागात भाच्याने वैतागून कूलरच बंद केला. टीव्हीचा आवाज होता तेवढाच राहिला. त्या परदेशी बाईची किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

समोरच्या काकू तोंडाला दुपट्टा गुंडाळून भर उन्हात धावत आल्या. ‘काय झालं हो? कोणी पडलं का?’ एवढ्या उन्हातून आल्या म्हणून पन्हं आलं, पन्हं आलं म्हणून बसणं आलं आणि काकू बसल्या म्हणून टिपरे लागले. कूलरही लागला. ‘मला काहीच ऐकू येत नाहीये,’ भाचा कुरकुरला. तेव्हापासून आबांचा प्रत्येक संवाद काकू त्याला आबांच्या आधी खड्या आवाजात म्हणून दाखवू लागल्या. मधेच थांबून त्यांनी कूलरकडे बोट केलं.

‘स्लो कायले ठेवला बे? फुल कर ना!’